लेकीकडे जाताना विमानतळावरचे सहा तास

हातातलं काम चालू राहू द्या. शेंगा फोडत असाल तर फोडा, भाकरी थापत असाल तर थापा, मी बोलत राहते.

आज मी विमानातल्या बिझनेस क्लासबद्दल आणि विमानतळावरच्या लाउंजबद्दल बोलणार आहे. हसू नका. गटाच्या हप्त्यावर, शेळीपालनावर, बँकेच्या कर्जावर बोलणारी ही बाई आज कुठं निघाली, असं वाटलं असेल. पण गेल्या काही महिन्यांत तीन वेगवेगळ्या गावांच्या बैठकांत मला एकच प्रश्न आला. लेक परदेशात आहे, तिचं बाळंतपण आलंय, आईला जायचंय, आणि मधे कुठल्या तरी विमानतळावर पाच-सहा तास एकटीनं बसायचंय. तिथं बसायचं कुठं? खायचं काय? आणि लेक फोनवर म्हणते की "आई, थोडे पैसे भरले की चांगली सोय होते," तर ते पैसे भरावेत का?

हा प्रश्न आता मोठ्या शहरातल्या बायांचाच राहिलेला नाही. आपल्या नांदेड-लातूरकडच्या कितीतरी मुली नर्सिंग शिकल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, आपल्याकडची शिकलेली मुलं-मुली तिकडं कामाला पाठवायचा. त्याच्याही आधीपासून कुणी आपल्या हिमतीवर भाषा शिकून गेलंय. मुलगी तिकडं गेली, लग्न झालं, आता दिवस गेलेत. सासू-आई दोघीही इथं. मग जाणार कोण? आईच जाणार.

तर आमच्या एका गटातल्या मावशींची गोष्ट सांगते. नाव सांगू नको म्हणाल्या, म्हणून नुसतं मावशीच म्हणते. लोहा तालुक्यातलं गाव, वय अठ्ठावन्न, शिक्षण सातवी. गुडघे दुखतात. बारा वर्षं गटाची वही त्यांनी सांभाळली, एका रुपयाचा फरक कधी पडला नाही. लेक हॅम्बुर्गला नर्स आहे.

आपल्याला हैदराबाद जवळ. २०२४ च्या जानेवारीपासून हैदराबादहून जर्मनीतल्या फ्रँकफर्टला थेट विमान सुरू झालं, त्यामुळं मुंबईपर्यंत जायची गरज उरली नाही. नांदेडहून गाडीनं हैदराबाद, तिथून रात्रीचं विमान, सकाळी फ्रँकफर्ट. फ्रँकफर्टहून हॅम्बुर्ग तासाभराचं दुसरं विमान. पण लेकीनं स्वस्तातलं तिकीट काढलं होतं, त्यामुळं दोन विमानांच्या मधे सहा तासांचं अंतर पडलं. तिकीट काढल्यावर थोड्या दिवसांनी कंपनीचा मेल आला. फ्रँकफर्ट ते हॅम्बुर्ग एवढ्या टप्प्यासाठी बिझनेस क्लास हवा असेल तर बोली लावा. लिलावासारखंच असतं ते. आपण रक्कम सांगायची, जागा शिल्लक राहिली आणि बोली पटली तर देतात, नाही तर पैसे कापत नाहीत. लेकीनं विचारलं, १२० युरोची बोली लावू का? एक युरो शंभर रुपयांच्या आसपास धरा, म्हणजे बारा हजार रुपये झाले.

मावशींनी हा विषय गटाच्या बैठकीत काढला. आता बघा, पैसे लेक-जावई देणार, गटाचा त्यात एक पैसा नाही. तरी बैठकीत अर्धा तास वाद! एक जण म्हणाली, बारा हजारात गाभण शेळी येते, आणि ही एका तासाच्या खुर्चीला देणार? दुसरी म्हणाली, मावशीनं जन्मभर यष्टीच्या मागच्या टायरावर बसून प्रवास केला, एकदा बसली पुढं तर कुणाचं काय जातंय? मावशी म्हणाल्या, मला नकोच ते, उगं चैन कशाला. आणि मला सगळ्यांनी विचारलं, ताई, तुम्ही सांगा.

मी म्हणलं, आधी ती वस्तू काय आहे ते बघू, मग किंमत करू. बाजारात आपण तसंच करतो की नाही?

बिझनेस क्लास म्हणलं की आपल्या डोळ्यांपुढं जाहिरातीतली खुर्ची येते. पाय पसरायचे, खुर्चीचा पलंग होतो, अंगावर दुलई. ते खरं आहे, पण ते लांबच्या विमानात. हैदराबाद ते फ्रँकफर्ट नऊ-दहा तास असतात, तिथं तसली खुर्ची असते आणि तिची किंमत लाखात जाते. युरोपातल्या युरोपात जी तास-दोन तासांची विमानं उडतात, त्यात बहुतेक कंपन्या वेगळी खुर्ची देतच नाहीत. लुफ्थान्सा घ्या, एअर फ्रान्स घ्या, ब्रिटिश एअरवेज घ्या, अशा विमानांत एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन खुर्च्या असतात, पुढपासून मागपर्यंत सारख्या. पुढच्या काही रांगांत तिघांमधली मधली खुर्ची रिकामी ठेवतात. झाला बिझनेस क्लास. मधे एक पडदा असतो. त्या दिवशी पुढची तिकिटं जास्त विकली गेली तर पडदा दोन रांगा मागं सरकवतात, कमी विकली गेली तर पुढं. म्हणजे कालपर्यंत साधी असलेली सातवी रांग आज बिझनेस क्लास होते. लालपरीत पहिल्या चार बाकांच्या मागं कुणी साडीचा पडदा बांधावा, असं समजा.

गंमत सांगू? आपल्या नांदेडच्या विमानात पुढची खुर्ची खरंच मोठी आहे. नांदेडचं विमानतळ २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या तीनशे वर्षांच्या सोहळ्यासाठी वाढवलं. २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेत हैदराबाद-नांदेड विमान सुरू झालं, पुढं ते बंद पडलं, मग ३१ मार्च २०२४ पासून स्टार एअरनं पुन्हा विमानं आणली. त्यातलं एम्ब्रेअर १७५ हे विमान ७६ जणांचं आहे. त्यात १२ खुर्च्या बिझनेस क्लासच्या, एका बाजूला एकच खुर्ची आणि दुसऱ्या बाजूला दोन, चांगल्या रुंद. मागच्या ६४ खुर्च्याही दोन-दोनच्या आहेत, मधे दाबून बसायची खुर्चीच नाही. म्हणजे सचखंडला दर्शनाला येणाऱ्याला जी खुर्ची मिळते, ती फ्रँकफर्टहून हॅम्बुर्गला जाणाऱ्या साहेबाला मिळत नाही. लातूरच्या तायांनी नाराज होऊ नये. तुमच्याकडं धावपट्टी आहे, नियमित विमान यायचं बाकी आहे.

मग त्या बारा हजारात खुर्चीखेरीज काय मिळतं? विमानात ताटलीत खायला देतात, बाकीच्यांना पाण्याची बाटली आणि चॉकलेटचा छोटा तुकडा, त्याच्यापुढं काही हवं तर विकत. तपासणीच्या रांगेत थोडं लवकर सोडतात. विमानात आधी चढायला मिळतं, म्हणजे पिशवी वर ठेवायला जागा मिळते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे विमानाची वाट बघताना लाउंजमध्ये बसता येतं. माझ्या मते सगळा हिशोब इथंच आहे. तासाभराच्या विमानासाठी कुणी बारा हजार देऊ नये. पण सहा तास थांबायचं असेल, वय झालेलं असेल, आदली रात्र बसून काढलेली असेल, तर त्या सहा तासांची काही किंमत होते. ती किती, हे आपलं आपण ठरवावं.

आता लाउंज म्हणजे काय? आपल्या नांदेड किंवा लातूर रोड स्टेशनवर प्रतीक्षालय असतं ना, त्याचाच श्रीमंत भाऊ. दारात टेबलावर माणूस बसलेला असतो. तो आपला बोर्डिंग पास मशीनला लावून बघतो. हिरवा दिवा लागला की आत. आत सोफे, टेकायच्या खुर्च्या, चार्जिंगची जागा, वर्तमानपत्रं, चहा-कॉफीचं यंत्र, ब्रेड, फळं, सूप, भात, कोशिंबीर मांडून ठेवलेली असते. आपल्या हातानं घ्यायचं. बिल नसतं, कुणी किती खाल्लं ते मोजत नाही. मोठ्या लाउंजमध्ये अंघोळीचीही सोय असते, तिथं टॉवेल देतात, फक्त टेबलावर सांगून नंबर लावावा लागतो. दारूही ठेवलेली असते, ती घ्यावीच असं नाही, आणि कुणी घेत असेल तर घाबरायचं कारण नाही. एक नियम मात्र पाळायचा. खाणं तिथंच खायचं, डबा भरून घ्यायचा नाही. लग्नातले लाडू पदरात बांधायची आपली सवय तिथं चालत नाही.

मावश्यांनो, एक गोष्ट स्पष्ट बोलते. आपण बाया प्रवासाला निघालो की सकाळपासून पाणी पीत नाही. का, ते आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. स्टँडवरच्या बाथरूमला जायला नको म्हणून. नांदेडहून मुंबईला पोचेपर्यंत घोटभर पाणी न पिणाऱ्या बाया माझ्या ओळखीत आहेत. विमानात ही सवय फार वाईट. आत हवा कोरडी असते, बसून बसून पाय सुजतात, डोकं दुखतं, आणि पन्नाशीच्या पुढं पायात रक्ताची गाठ व्हायचा धोका असतो. पाणी प्यायचं, दर तास-दोन तासांनी उठून चार पावलं चालायचं. विमानतळावरची बाथरूम स्वच्छ असतात आणि फुकट असतात, त्यासाठी लाउंज लागत नाही. पाण्याची रिकामी बाटली सोबत ठेवायची, तपासणी झाली की भरून घ्यायची.

फ्रँकफर्टला उतरल्यावरचा क्रम नीट लक्षात ठेवा, कारण घोटाळा तिथं होतो. जर्मनीत पहिल्यांदा जिथं उतरता, तिथंच पासपोर्टची तपासणी होते, पुढं हॅम्बुर्गला होत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडं नवी पद्धत सुरू झाली आहे, बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. त्यामुळं रांगेला वेळ लागू शकतो. म्हणून आधी पासपोर्टची रांग, मग हातातल्या सामानाची तपासणी असेल तर ती, मग पुढच्या विमानाचं गेट कुठं आहे ते डोळ्यांनी बघून यायचं, आणि त्याच्यानंतर लाउंज किंवा जिथं बसायचं ते. उतरल्या उतरल्या सोफ्यावर बसलात आणि नंतर रांगेत अडकलात, तर विमान थांबत नसतं. दुसरं, लाउंजमध्ये बहुतेक ठिकाणी विमानाची घोषणा करत नाहीत. शांतता ठेवतात. भिंतीवरच्या पडद्यावर आपल्या विमानाचा नंबर बघत राहायचा. मोबाईलला गजर लावून ठेवायचा. आपल्या मोबाईलचा दोन पिनांचा चार्जर तिकडच्या बोर्डात बसतो, जाड तीन पिनांचा बसत नाही.

शाकाहारी असाल तर लेकीकडून जर्मन भाषेत एक चिठ्ठी लिहून घ्या, "मी मांस, मासे, अंडी खात नाही." चिठ्ठी दाखवायची आणि ताटाकडं बोट करायचं. भाषेवाचून काही अडत नाही. विमानातलं शाकाहारी जेवण मात्र तिकीट काढतानाच, निदान एक-दोन दिवस आधी सांगावं लागतं.

गुडघे दुखत असतील, लांब चालवत नसेल, तर व्हीलचेअर मागायची लाज बाळगू नका. ती फुकट असते. युरोपात तर तसा कायदाच आहे, आणि बिझनेस क्लासचं तिकीट असो की साधं, मदत सारखीच. निघायच्या ४८ तास आधी कंपनीला कळवायचं. माणूस विमानाच्या दारापासून घेऊन जातो, पासपोर्टच्या रांगेतून काढतो, पुढच्या गेटला सोडतो. कुणी म्हणेल, चालता येतंय तर कशाला? ज्यांना खरंच चालता येतंय त्यांनी घेऊ नये, हे माझंही मत आहे, कारण खुर्च्या मोजक्या असतात. पण दुखणं अंगावर काढून फ्रँकफर्टच्या त्या लांबलचक गल्ल्यांतून चालायचं, याला मी काही शौर्य म्हणणार नाही.

विमान उशिरा आलं किंवा रद्द झालं तर? युरोपात २००४ चा एक नियम आहे. युरोपातून निघणारं कुठलंही विमान, किंवा युरोपच्या कंपनीचं तिकडं जाणारं विमान, फार उशीर झाला तर चहापाणी, जेवण कंपनीनं द्यायचं. रात्र काढावी लागली तर हॉटेलही. पडद्याच्या पुढं बसणाऱ्यालाही आणि मागं बसणाऱ्यालाही. चूक कंपनीची असेल आणि पोचायला तीन तासांच्या वर उशीर झाला, तर अंतर बघून २५० ते ६०० युरो भरपाई असते. हे मागावं लागतं, आपणहून कुणी देत नाही. मागायचं काम लेकीवर सोपवा, पण बोर्डिंग पासचे तुकडे फेकून देऊ नका.

आता आपल्याकडच्या लाउंजबद्दल. हैदराबाद, मुंबई, पुण्याच्या विमानतळावर लाउंज आहेत, आणि काही बँकांच्या कार्डावर तिथं जाता येतं. रुपे प्लॅटिनमसारख्या कार्डांवर अशी सोय असते, कार्ड चालू आहे का ते तपासायला किरकोळ रक्कम कापतात. पण आपल्या जनधन खात्याच्या साध्या कार्डावर हे मिळत नाही, आणि प्लॅटिनमवरही बँकेप्रमाणे अटी बदलतात. आधी इतकी खरेदी करा, मग लाउंज, असंही असतं. म्हणून शाखेत जाऊन आपल्या कार्डावर काय आहे ते विचारावं. मोबाईलवर आलेल्या लिंकवरून मात्र काही करू नका. २०२४ मध्ये बेंगळुरू विमानतळावर एका महिलेला लाउंजसाठी म्हणून एक खोटं ॲप मोबाईलमध्ये घ्यायला लावलं, आणि तिच्या कार्डावरून सत्त्याऐंशी हजारांच्या वर रक्कम गेली. शिकलेली, शहरातली बाई होती. ॲप घ्या, तोंड कॅमेऱ्यासमोर धरा, ओटीपी सांगा, असं कुणी म्हणलं की सरळ उठून जायचं. खऱ्या लाउंजच्या दारात कार्ड नाहीतर बोर्डिंग पास बघतात, एवढंच.

आणि लाउंज नाही मिळालं म्हणून उपाशी राहायला नको. विमानतळावर चहाला दीडशे-दोनशे रुपये घेतात ही ओरड जुनी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर सरकारनं उडान यात्री कॅफे सुरू केला, चहा दहा रुपये, समोसा वीस रुपये. पुढं आणखी काही विमानतळांवर तसे कॅफे निघाले. पण आपली दशमी-चटणी आहेच की. कोरडं खाणं तपासणीतून नेता येतं. पातळ असेल ते नाही. शंभर मिलीच्या वरचं काहीही पातळ हातातल्या पिशवीत चालत नाही, आणि तेल सुटलेलं लोणचं पातळातच धरतात. लोणचं मोठ्या बॅगेत टाका, चांगलं घट्ट बांधून.

बाळंतपणाला जाणाऱ्या आईच्या बॅगेबद्दल तर वेगळं बोललं पाहिजे. आपण काय नेतो? डिंकाचे लाडू, साजूक तूप, खोबरं, खारीक, अळीव, शेपा, ओवा, बाळंतकाढ्याचं सामान. यात दोन गोष्टींची अडचण आहे. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस न्यायला बंदी आहे. तूप, खवा, पनीर, पेढे तिथल्या कस्टममध्ये पकडले तर काढून घेतात, दंडही होऊ शकतो. आणि सुकं खोबरं विमानातच चालत नाही, तेलामुळं पेट घेण्याचा धोका असतो म्हणून. हे ऐकून मावशींचं तोंड उतरलं. तूप नाही, खोबरं नाही, मग लाडू कशाचे? पण लेकीनंच मार्ग काढला. तिकडं चांगलं लोणी मिळतं, खोबऱ्याचा कीस दुकानात मिळतो. मग मावशींनी इथून डिंक, खारकेची पूड, अळीव, सुंठ, जायफळ असं कोरडं सामान वेगवेगळ्या पुड्यांत बांधलं, प्रत्येक पुडीवर नातीनं इंग्रजीत नाव लिहिलं. तूप तिथं कढवायचं, लाडू तिथं वळायचे. बिननावाची पांढरी पूड बॅगेत ठेवू नका हो, तपासणीवाल्याला सुंठ काय माहीत! ताजा कढीपत्ता, भाजी, झाडाची फांदी, हेही नेऊ नका.

मावशींचं शेवटी काय झालं ते सांगते. बैठकीत ठरलं असं काही नाही, बैठक उठली तरी दोन गट होतेच. लेकीनं गुपचूप कमीत कमी बोली लावली. ती लागली नाही, पैसे परत यायचाही प्रश्न आला नाही. मग तिनं पैसे भरून बसायच्या एका लाउंजचं तीन तासांचं तिकीट काढलं, चाळीस युरोच्या आसपास पडलं. अशा लाउंजमध्ये बहुधा तीनच तास बसू देतात, हे लक्षात ठेवा. सहा तास थांबायचं असेल तर त्यातले तीन बाहेर काढायचे. मावशींनी व्हीलचेअर घेतली, पासपोर्ट झाला, पहिले तीन तास बाहेरच्या खुर्चीवर पिशवीचा पट्टा हाताला गुंडाळून बसल्या. मग लाउंजमध्ये गेल्या.

परत आल्यावर बैठकीत त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगते. "तोंड धुतलं, लुगडं बदललं, केस विंचरले. गरम सूप प्यालं. दोन ग्लास पाणी पिलं आणि दोनदा बाथरूमला जाऊन आले, कुणी विचारलं नाही. लेकीसमोर माणसासारखी उभी राहिले." आणि विमानात? पडद्याच्या मागं पहिल्याच रांगेत जागा मिळाली होती. म्हणाल्या, "मी वाकून बघितलं. पुढची खुर्ची माझ्या खुर्चीसारखीच होती गं. मधी एक बाप्या बसला नव्हता, एवढंच." शेळीवाली बाई जोरात हसली. पण नंतर मावशी हळूच म्हणाल्या की ते चार हजार रुपये मी माझ्या हातानं कधीच खर्च केले नसते, लेकीनं केले म्हणून झाले. यावर बैठक गप्प झाली. मुलाच्या मोटरसायकलला, दिराच्या लग्नाला आपण गटातून कर्ज काढतो, त्याला कुणी चैन म्हणत नाही. मी माझ्या गटांना सांगून ठेवलंय, बाईच्या प्रवासाचा, दवाखान्याचा, आरामाचा खर्च कर्जाच्या अर्जात लिहायला लाजू नका. परत फेडायची ऐपत आहे का एवढंच बघायचं.

मावशींनी आणखी एक गोष्ट हेरून आणली, आणि ती आपल्या कामाची आहे. म्हणाल्या, त्या विमानतळावर त्यांच्या गावाकडचा मध, त्यांच्याकडची बिस्किटं असं मांडून ठेवलंय आणि लोक चढ्या भावानं घेतात. आपली जवसाची चटणी का नाही?

तर ऐका. भारतीय विमानतळ प्राधिकरणाची २०२२ पासून 'अवसर' नावाची योजना आहे. विमानतळाच्या आत शंभर ते दोनशे चौरस फुटांची जागा बचत गटांना पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीनं देतात. चेन्नई, आगरतळा, इंदूर, सुरत, बेळगाव अशा विमानतळांवर गटांच्या बायांनी दुकानं लावली. ही योजना प्राधिकरणाच्या विमानतळांसाठी आहे. नांदेडचं विमानतळ प्राधिकरणाचं नाही, पण छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा त्यांचंच आहे. पंधरा दिवस दोन-तीन बायांना तिथं राहावं लागेल, त्याची सोय आधी लावावी लागेल, हे अवघड आहे, सोपं म्हणून मी सांगत नाही. खाण्याच्या वस्तूला अन्न परवान्याचा नंबर हवा, पाकीट नीट हवं, वजन आणि तारीख छापलेली हवी, आणि तेल गळणारं काही नको, कारण गिऱ्हाईक तिथून थेट विमानात जाणार. माल तर आपल्याकडं आहे. लातूर जिल्ह्यातली बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची पटडी चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिंचेच्या गोळ्या, डाळीचं अर्धा किलोचं पाकीट, भाजलेल्या जवसाची कोरडी चटणी. हलकं, कोरडं, टिकाऊ.

लोह्याच्या दोन आणि औशाच्या एका गटानं मिळून अर्ज करायचं ठरवलंय. ज्यांना त्यात यायचं असेल त्यांनी आपल्या सीआरपीताईकडं नाव द्यावं आणि अन्न परवान्याची झेरॉक्स जोडावी. परवाना नसेल तर आधी तो काढू, नोंदणीची फी वर्षाला शंभर रुपये आहे.

पुढच्या गुरुवारी याच वेळेला पासपोर्टच्या कागदांवर बोलेन. छत्तीस पानांच्या साध्या पासपोर्टला पंधराशे रुपये फी लागते. दहावी न झालेल्या बाईच्या पासपोर्टवर ईसीआर असं येऊ शकतं, त्यामुळं लेकीला भेटायला जर्मनीला जाण्यात अडचण येत नाही, ते का, हे तेव्हा सांगते. आधार कार्डावरचं नाव आणि जन्मतारीख तेवढी आजच बघून ठेवा. मावशींच्या आधारावर माहेरचं नाव होतं आणि बँकेत सासरचं, त्यात दोन महिने गेले.

येते मी. नमस्कार.